मेंदूत रंग कसा पोचतो? रक्त-मेंदू अडथळा आणि इमेजिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूत रंग पोचवणं आणि पोचला की नाही ते ओळखणं, हे गेली काही वर्षं माझं रोजचं काम आहे. ते काम उंदरांवर चालतं, पण प्रश्न दोन्हीकडून येतात. एकीकडे प्रोजेक्टसाठी आलेली एमएस्सीची मुलं असतात, दुसरीकडे घरातल्या कुणाचा तरी एमआरआयचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवून ‘ताई, हे काय लिहिलंय गं?’ असं विचारणारे नातेवाईक. दोघांचा घोळ बहुतेकदा एकाच जागी होतो. फोटोत चमक दिसली की दोघांनाही वाटतं, रंग मेंदूत पोचला आणि त्याने आजार दाखवला. मी त्यांना उलटा प्रश्न विचारते: रंग आत गेला तो कुठल्या वाटेने? दार होतं म्हणून गेला, भिंत पडली होती म्हणून गेला, की रेणूच तसा घडवला होता म्हणून? या तिन्हींचा अर्थ वेगवेगळा आहे.

उपचारांचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा. इथे फक्त फोटोमागचं शास्त्र आहे.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये खरंच भिंत असते का? कुठे असते?

असते, पण कवटीच्या आत एखादा पडदा ताणून बसवलाय असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. मेंदूतल्या प्रत्येक केशवाहिनीची स्वतःची कड हीच ती भिंत. माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतात. मुंबईहून निघून पणजी गाठेल एवढी लांब भिंत, आणि जाडी एका पेशीची.

कोकणात परसाभोवती गडगा घालतात तो आठवा. दगडावर दगड रचलेला, मध्ये फटी, वारा-पाणी आरपार. शरीरातल्या इतर केशवाहिन्या बऱ्याचशा तशा असतात; रक्तातले लहान रेणू पेशींच्या मधल्या फटींतून बाहेर झिरपतात. मेंदूतल्या केशवाहिन्यांचं काम चिरेबंदी आहे. शेजारशेजारच्या पेशी क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. या शिवणीला टाइट जंक्शन म्हणतात. बाहेरून पेरिसाइट पेशींनी मिठी मारलेली असते आणि त्यावर अॅस्ट्रोसाइट पेशींचे पाय टेकलेले असतात. त्यामुळे आत जायचं तर फटीतून जाणं जवळपास बंद. पेशीच्या पोटातूनच पलीकडे जावं लागतं. तिथेही पंप बसलेले आहेत, नको तो रेणू पकडून परत रक्तात टाकणारे. हे पंप लोक विसरतात, म्हणून पुढे त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

सगळ्या मेंदूला ही भिंत आहे?

नाही. काही छोट्या जागा मुद्दाम उघड्या आहेत, कारण त्यांना रक्ताची चव घ्यायची असते किंवा रक्तात काही सोडायचं असतं. मेंदूच्या मागच्या बाजूला लघुमेंदूखाली असलेला एरिया पोस्ट्रेमा रक्तातलं विष ओळखून उलटी घडवून आणतो. मीडियन एमिनन्समधून संप्रेरकं पिट्युटरीकडे जातात. पिनियल ग्रंथीही उघडीच. रक्तातला रंग या ठिकाणी नेहमीच लागतो. तो आजार समजू नये.

हे कळलं कसं? रंगांमुळेच कळलं म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं. मला या विषयाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे.

जर्मन डॉक्टर पॉल एर्लिख यांना रंगांचं वेड होतं. त्या काळात कापड गिरण्यांसाठी नवनवे कृत्रिम रंग निघत होते आणि एर्लिख ते जनावरांच्या शिरेत सोडून कुठला अवयव कसा रंगतो ते बघत. १८८५ साली त्यांनी लिहिलं की बरेचसे रंग सगळ्या शरीरात पसरतात, मेंदू मात्र कोराच राहतो. त्यांनी याचा अर्थ असा लावला की मेंदूच्या ऊतींना या रंगांची ओढच नाही, रंग तिथे धरत नाही. सुती कापडावर एखादा रंग बसत नाही तसं.

एर्लिख यांच्याकडे काम केलेल्या एडविन गोल्डमन यांनी हे पारखून पाहिलं. १९०९ साली त्यांनी ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग शिरेतून दिला: सगळं जनावर निळं, मेंदू पांढरा. मग १९१३ साली तोच रंग त्यांनी मेंदूभोवतालच्या पाण्यात, म्हणजे सेरेब्रोस्पायनल द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंग धरतो, उत्तम धरतो. रक्तातून तिथे पोचताच येत नाही, एवढंच. एका रंगाच्या दोन सुया आणि एर्लिखसारख्या माणसाचं स्पष्टीकरण मागे पडलं. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग पहिल्याच दिवशी सांगते, कारण एकच रंग दोन वाटांनी दिल्याशिवाय वाटेबद्दल काहीच कळत नाही.

या अडथळ्याला आजचं नाव मिळालं ते जीनिव्हात काम करणाऱ्या लीना स्टर्न यांच्या १९२०च्या दशकातल्या लेखनातून. जीनिव्हा विद्यापीठातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. पुढे मॉस्कोला गेल्या, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या आणि स्टालिनच्या काळात तुरुंगातही गेल्या. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत एर्लिख यांच्याइतकं ठळक यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

भिंत नेमकी कुठे आहे हा प्रश्न मात्र १९६७ पर्यंत लोंबकळत राहिला. त्या वर्षी रीस आणि कार्नोव्हस्की यांनी हॉर्सरॅडिश या झाडाच्या मुळातलं एक एंझाइम उंदरांच्या रक्तात सोडलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एंझाइमचा काळा डाग केशवाहिनीच्या आतल्या पेशींच्या सांध्यापाशी येऊन थांबलेला होता, पुढे तसूभरही नाही.

‘डाय देऊन एमआरआय’ म्हणतात. तो डाय मेंदूत जातो का?

निरोगी मेंदूत जात नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धे रिपोर्ट समजायला लागतात.

मुळात तो रंग नसतोच. ते पाण्यासारखं स्वच्छ औषध असतं, त्यात गॅडोलिनियम हा धातू एका मोठ्या रेणूच्या पिंजऱ्यात बसवलेला असतो. मोकळा गॅडोलिनियम विषारी, म्हणून पिंजरा. या धातूत जोडीदार नसलेले सात इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या सान्निध्यात पाण्यातल्या हायड्रोजनचे अणू आपल्या मूळ स्थितीत लवकर परततात आणि ती जागा फोटोत पांढरी दिसते. मेंदूच्या एमआरआयसाठी असं पहिलं औषध अमेरिकेत १९८८ साली मंजूर झालं.

हा पिंजरा पाण्यात विरघळणारा आणि बोजड असल्याने चिरेबंदी भिंत ओलांडू शकत नाही. जिथे भिंत फुटली आहे किंवा गाठीने स्वतःच्या कच्च्या, फटी असलेल्या रक्तवाहिन्या वाढवल्या आहेत, तिथेच तो बाहेर झिरपतो. म्हणजे फोटोतली पांढरी चमक ‘इथे कॅन्सर आहे’ असं म्हणत नसते. ती म्हणते, ‘इथे भिंत गळते आहे.’ का गळते, ते डॉक्टरांना इतर खुणांवरून ठरवावं लागतं.

आपल्याकडे याचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण म्हणजे ‘रिंग एन्हान्सिंग लेझन’. झटका आला, एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये हे शब्द आले, आणि घरात रडारड सुरू झाली, असे कितीतरी फोन मला आले आहेत. रिंग म्हणजे मध्ये काळोख आणि भोवती पांढरं कडं. घातक गाठीत ते दिसतं, पण क्षयाच्या गाठीत, म्हणजे ट्युबरक्युलोमातही दिसतं, पू झालेल्या गळवात दिसतं आणि टेपवर्मच्या अळीमुळे होणाऱ्या न्यूरोसिस्टिसर्कोसिसमध्येही दिसतं. भारतात क्षय आणि सिस्टिसर्कोसिस दोन्ही भरपूर आढळतात आणि दोन्हींवर औषधं आहेत. सिस्टिसर्कोसिसमध्ये तर गंमत अशी की अळी जिवंत असते तोवर ती शरीराची प्रतिकारशक्ती शांत ठेवते आणि कडं फारसं दिसत नाही. ती मरायला लागली की सूज येते, भिंत गळू लागते आणि मग रिंग चमकते. (कोबी खाल्ल्याने हे होतं असं घरोघरी सांगतात. दोष कोबीचा नाही. माणसाच्या विष्ठेतून आलेली अंडी ज्या पाण्यातून, हातातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्या सगळ्याचा आहे. म्हणून शाकाहारी माणसालाही हा आजार होतो.)

‘एन्हान्समेंट (चमक) नाही’ असं लिहिलंय. म्हणजे गाठ नाही ना?

असं समजू नका. हळू वाढणाऱ्या ग्लायोमासारख्या (मेंदूतल्या आधारपेशींच्या) कितीतरी गाठी भिंतीला धक्का न लावता पेशींच्या मधून पसरतात. तिथे गॅडोलिनियम बाहेर पडत नाही, म्हणून चमक नाही.

उलट बाजूही बघा. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड सुरू केलं की चमक कमी होते, कारण स्टेरॉइड गळती आवरतं. बेव्हॅसिझुमॅब या औषधाने कधी कधी काही दिवसांतच चमक विरते. घरचे पेढे वाटायला निघतात. पण हे औषध रक्तवाहिन्यांवर काम करतं; भिंत दुरुस्त झाली म्हणून गाठ तेवढीच आकसली असं होत नाही. म्हणून डॉक्टर फक्त चमक न बघता इतर प्रतिमाही मागतात. ‘आधीचा स्कॅन काढला तेव्हा स्टेरॉइड चालू होतं का?’ हे रेडिओलॉजिस्टला आपणहून सांगितलं तर त्यांना खरोखर मदत होते.

रेणू छोटा असला की तो आत जातो ना?

विद्यार्थ्यांचा हा आवडता गैरसमज. ढोबळ नियम असा सांगतात की ४०० ते ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) हलका आणि तेलात विरघळणारा रेणू पेशीच्या पोटातून पलीकडे जाऊ शकतो. मुलं पहिला अर्धा पाठ करतात आणि ‘तेलात विरघळणारा’ सोडून देतात.

फ्लुरोसीन घ्या. डोळ्यांचे डॉक्टर वापरतात तो पिवळा-हिरवा चमकणारा रंग. वजन फक्त ३७६ डाल्टन, पण रक्तात त्याच्यावर ऋण भार असतो आणि तो पाण्यातच रमतो. निरोगी मेंदूत त्याचा शिरकाव नगण्य. दुसरीकडे ऱ्होडामिन १२३ बघा: वजन साधारण तेवढंच आणि पेशीच्या पटलात शिरण्याइतका तेलकट, तरीही मेंदूत टिकत नाही. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ओढून परत रक्तात टाकतो. हा पंप कितपत चालू आहे हे मोजायला आम्ही हाच रंग वापरतो.

पंपाची ताकद किती, याचा धडा १९९४ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांना अनपेक्षितपणे मिळाला. त्यांनी या पंपाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. पिंजऱ्यात किडे झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही, पंप नसलेले उंदीर मरू लागले. तेच औषध, पण आता ते मेंदूत साचत होतं. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेल्या या गोळीचा माणसाला सहसा त्रास होत नाही, त्यात या पंपाचा मोठा वाटा आहे.

आणि भिंतीची गळती मोजायला आम्ही वापरतो तो निळा रंग, इव्हान्स ब्लू? त्याचं स्वतःचं वजन ९६१ डाल्टन. पण रक्तात शिरताच तो अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो आणि मग जवळजवळ ६९,००० डाल्टनचं ओझं घेऊन फिरतो.

रंगाच्या रेणूतच बदल करून त्याला आत नेता येतं का?

येतं, आणि याची सगळ्यात सुंदर गोष्ट अल्झायमरच्या स्कॅनची आहे.

थायोफ्लेविन टी हा पिवळा रंग पॅथॉलॉजिस्ट १९५९ पासून वापरत आले आहेत. अल्झायमरच्या मेंदूत अमायलॉइड प्रथिनाचे जे गोळे बसतात त्यांना हा रंग नेमका चिकटतो आणि झगझगतो. अडचण एवढीच की तो मेंदूच्या कापावर वापरायचा, म्हणजे माणूस गेल्यानंतर. जिवंत माणसाच्या शिरेतून दिला तर आत जात नाही, कारण त्याच्या एका नायट्रोजनवर कायमचा धन भार आहे.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी या भारावरच बोट ठेवलं. आधी ते काँगो रेडच्या कुळातल्या रंगांवर काम करत होते. ते रेणू फारच बोजड आणि भारित निघाले. मग त्यांनी थायोफ्लेविन घेतलं आणि भाराला कारण असलेला मिथाइलचा गट काढून टाकला. रेणू उदासीन झाला, तेलात विरघळू लागला, मेंदूत शिरू लागला, आणि अमायलॉइडला चिकटायचं विसरला नाही. त्यावर किरणोत्सारी कार्बन-११ बसवला की पेट स्कॅनवर, म्हणजे शरीरातल्या किरणोत्सारी अणूंचा फोटो काढणाऱ्या स्कॅनवर, तो दिसतो. फेब्रुवारी २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे पहिल्यांदा तो अल्झायमरच्या रुग्णाला दिला गेला. २००४ साली १६ रुग्ण आणि ९ निरोगी माणसांचे निष्कर्ष छापून आले. जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड डोळ्यांनी दिसू लागलं. एक मिथाइल काढल्याने!

रेणू आणखी तेलकट केला तर आणखी चांगलं का? नाही. फार तेलकट रेणू रक्तातल्या प्रथिनांना आणि मेंदूतल्या पांढऱ्या भागाच्या चरबीला चिकटून बसतो. या रंगाच्या स्कॅनमध्येही पांढरा भाग थोडा उजळ दिसतोच, आणि वाचणाऱ्याने तो वजा करायचा असतो. चांगला रंग चटकन आत जावा आणि जिथे चिकटायचं काम नाही तिथून चटकन निघूनही यावा.

कार्बन-११ चं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटं. सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, त्याच इमारतीत हवा, नाहीतर रंग वाटेतच विझतो. म्हणून पुढे फ्लोरिन-१८ लावलेले रेणू आले, त्यांचं अर्धायुष्य ११० मिनिटं. थायोफ्लेविनच्याच घराण्यातलं फ्लुटेमेटामॉल अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालं. योगायोगाने, उप्सालातला तो पहिला स्कॅन झाला त्याच वर्षी, २००२ साली, भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

मेंदूला साखर तर लागतेच. तिच्याबरोबर रंग पाठवता येत नाही का?

पेट स्कॅनमधलं एफडीजी तेच करतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के, म्हणून भिंतीत ग्लुकोजसाठी ग्लूट-१ नावाची खास दारं आहेत. एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोजचं सोंग. दारवान त्याला ओळखत नाही, आत सोडतो. पेशी त्यावर पहिली प्रक्रिया करते, पुढची करता येत नाही, आणि ते अडकून पडतं. १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. अमिनो आम्लांच्या दारातून फ्लोरोडोपा जातो, पार्किन्सनमध्ये त्याचा उपयोग होतो.

मात्र इथे अट मोठी आहे. दार त्या रेणूच्या मापाचंच असतं. ग्लुकोजच्या पाठीवर भलामोठा चमकणारा रंग बांधला की दारवान नाकारतो. फ्लोरिनचा एक अणू खपून जातो, कारण तो इवलासा आहे.

आत जाऊन बाहेरच पडू नये असं काही?

टेक्निशियम-९९एम हा किरणोत्सारी धातू लावलेलं एचएमपीएओ नावाचं औषध. तेलकट असताना काही सेकंदांत भिंत ओलांडतं, आत गेल्यावर त्याचं रूप बदलून पाण्यात रमणारं होतं आणि परतीची वाट बंद होते. रक्तप्रवाहाचा त्या क्षणीचा फोटो तासन् तास गोठून राहतो.

फिटचा उगम शोधताना याचा उपयोग बघण्यासारखा असतो. रुग्ण व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर झोपलेला, हाताला आधीच सुई लावलेली, शिसाच्या आवरणातली सिरिंज तयार. झटका सुरू झाला की नर्स त्याच क्षणी औषध सोडते. रुग्ण शांत होतो, सावरतो, मग सावकाश स्कॅनरखाली नेतात. फोटो मात्र झटक्याच्या क्षणाचा येतो. नर्सने दहा-वीस सेकंद उशीर केला तर झटका पसरलेला असतो आणि भलतीच जागा उजळते.

ऑपरेशनमध्ये गाठ गुलाबी दिसते म्हणे. तो रंग आत जातो का?

तिथे रंग दिलाच जात नाही, रंगाचा कच्चा माल दिला जातो. ५-एएलए हा १३१ डाल्टनचा रेणू आपल्या शरीरात हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) बनवताना रोजच तयार होतो. ऑपरेशनच्या दोन-चार तास आधी, किलोमागे २० मिलिग्रॅम या हिशेबाने, तो पाण्यात घालून प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे चमकणारं द्रव्य बनवतात आणि ते साठत जातं. सूक्ष्मदर्शकाचा निळा दिवा लावला की निळसर दिसणाऱ्या मेंदूत गाठ तांबडी-गुलाबी पेटते, निखाऱ्यासारखी, आणि कडेला फिकी होत जाते. २००६ साली जर्मनीतल्या वाल्टर श्टुमर आणि सहकाऱ्यांची चाचणी छापून आली: या प्रकाशात ऑपरेशन केलेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या पांढऱ्या प्रकाशात ३६ टक्क्यांची.

धडधाकट भिंतीतून ५-एएलए नीटसा जात नाही. गाठीने भिंत सैल केलेली असते, तिथून तो शिरतो. म्हणून घातक ग्लायोमा पेटतो, हळू वाढणारा बहुतेक वेळा नाही. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस उन्हापासून आणि प्रखर दिव्यांपासून जपायला सांगतात, ते त्वचेतही थोडं प्रोटोपॉर्फिरिन असतं म्हणून. ही सूचना कंटाळवाणी वाटली तरी पाळा.

काही ठिकाणी फ्लुरोसीन वापरतात. ते १९४८ पासूनचं जुनं तंत्र आहे. त्याचं काम गॅडोलिनियमसारखं: फुटक्या भिंतीतून झिरपतं, पेशी ओळखत नाही.

भिंत मुद्दाम उघडता येत नाही का?

येते, थोडा वेळ. १९७०च्या दशकापासून मॅनिटॉलचं दाट द्रावण मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतून सोडून पेशी आकसवतात, मग शिवणी उसवतात. आयसीयूमध्ये सूज उतरवायला शिरेतून मॅनिटॉल देतात, ते वेगळं. तिथे तर भिंत शाबूत असावी लागते. मॅनिटॉल रक्तातच राहतो म्हणूनच तो मेंदूतलं पाणी ओढून घेऊ शकतो.

नवा मार्ग ध्वनीचा. रक्तात काही मायक्रोमीटरचे वायूचे बुडबुडे सोडायचे आणि बाहेरून अल्ट्रासाउंडचा झोत एका बिंदूवर धरायचा. बुडबुडे फुगतात-आकसतात आणि केशवाहिनीच्या शिवणी सैल करतात. कुलेर्वो हायनिनेन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली सशांमध्ये हे दाखवलं. २०१५ साली टोरोंटोत मेंदूच्या गाठीच्या रुग्णावर कवटी न उघडता पहिल्यांदा केलं गेलं. दार उघडलं की नाही ते कसं कळतं? गॅडोलिनियमनेच. ठरवलेल्या जागी पांढरा ठिपका उमटतो आणि साधारण दिवसभरात भिंत मिटली की पुन्हा देऊनही उमटत नाही. मला ही पद्धत फार आशेची वाटते. मात्र फक्त फोटो काढण्यासाठी कुणाची भिंत उघडू नये. उघड्या दारातून रक्तातलं बाकी सगळंही आत जातं.

मग पाठीच्या मणक्यातून थेट मेंदूच्या पाण्यात का देत नाहीत?

गोल्डमन यांचा दुसरा प्रयोग आठवा. मेंदू निळा झाला खरा, पण त्या जनावरांना झटके आले आणि ती दगावली. भिंत ओलांडून थेट पाण्यात सोडलेला रंग मज्जापेशींना उघडा भिडतो. मिथिलीन ब्लू असं दिल्याने पायांचा लकवा झालेले रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदले आहेत. मेंदूचं पाणी नाकातून गळत असेल तर ती जागा शोधायला अगदी विरळ फ्लुरोसीन काही सर्जन वापरतात. तेही मोजून-मापून, अनुभवी हातांनी. जे औषध या वाटेसाठी बनवलेलं नाही ते या वाटेने कधीही नाही.

नॅनोकणांनी हा प्रश्न सुटलाय असं वाचलं.

सुटलेला नाही. ट्रान्सफेरिन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन) आत घेणाऱ्या भिंतीवरच्या ग्राहकाला धरून आत जाणारे कण उंदरांत काम करतात, पण दिलेल्या मात्रेचा बहुतेक भाग यकृत आणि प्लीहा अडवतात. शोधनिबंध वाचताना मेंदूच्या चित्राशेजारी यकृताचं चित्र दिलंय का ते बघा.

गॅडोलिनियम मेंदूत साचतं म्हणतात. एमआरआय नाकारू का?

ही भीती हवेतून आलेली नाही. २०१४ साली जपानमधल्या तोमोनोरी कांदा या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुष्कळ वेळा कॉन्ट्रास्ट (म्हणजे हेच गॅडोलिनियमचं औषध) घेतलेल्यांच्या मेंदूत खोलवर काही केंद्रकं (मज्जापेशींचे पुंजके) उजळ दिसतात. भिंत शाबूत असूनही अगदी थोडं गॅडोलिनियम तिथे राहतं. पिंजरा लांबट, उघडा असेल तर जास्त, चहूबाजूंनी बंद असेल तर खूप कमी. २०१७ साली युरोपात उघड्या पिंजऱ्याची बहुतेक औषधं थांबवली गेली. या साठ्यामुळे मेंदूचा अमुक आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही.

म्हणून गरजेचा स्कॅन नाकारू नका. मूत्रपिंड कमकुवत असेल, गरोदरपण असेल, तर आधी सांगा. ‘मॅक्रोसायक्लिक (म्हणजे बंद पिंजऱ्याचं) कॉन्ट्रास्ट देणार का?’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रोजेक्टमध्ये इव्हान्स ब्लूने गळती मोजायची आहे. कुठे चुकतं?

धुण्यात. माझं तिथेच चुकलं होतं. पहिल्या वर्षी स्ट्रोकच्या उंदरांचे मेंदू काढले तर दोन्ही बाजू निळसर. मी वहीत ‘दोन्हीकडे गळती’ लिहून मोकळी झाले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी एक काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायला लावला. निळा रंग बारीक रेघांत होता, फांद्यांसारखा, केशवाहिन्यांच्या आतच. बाहेर एक ठिपका नाही. मी रक्त पूर्ण धुतलंच नव्हतं. सहा उंदरांचे आकडे बाद झाले आणि त्या जिवांचं मला आजही वाईट वाटतं.

तर, संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी हातात आल्यावरच सुरुवात करा. रंग शेपटीच्या शिरेतून द्या आणि ठरवलेला वेळ फिरू द्या. मग हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सलाइन सोडा, उजवीकडून बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. घड्याळाकडे नाही, पाण्याकडे बघत. फॉर्मअमाइडमध्ये रंग काढून ६२० नॅनोमीटरला वाचा. रंगाची मात्रा वाढवू नका. अल्ब्युमिन भरलं की उरलेला रंग मोकळा फिरतो आणि मग तुम्ही ६९,००० डाल्टनची गळती मोजताय की ९६१ची, तेच कळत नाही. बारीक गळतीसाठी सोबत ३,००० डाल्टनचा चमकणारा डेक्स्ट्रान (साखरेच्या साखळीचा रेणू) वापरा. अल्ब्युमिन अडतं अशा फटीतूनही तो जातो.

आणि आकडे घेण्याआधी मेंदू उलटा करून तळ बघा, मग मागच्या बाजूने लघुमेंदू उचलून त्याखालीही बघा. मीडियन एमिनन्स आणि एरिया पोस्ट्रेमा ही दोन ठिकाणं निरोगी उंदरातही निळी असलीच पाहिजेत, धुतल्यावरसुद्धा. बाकी मेंदू पांढराशुभ्र आणि हे दोन निळे ठिपके दिसले, तर सुई बरोबर लागली आणि धुणंही बरोबर झालं. ठिपके नसतील तर शेपटीकडे परत जा. रंग शिरेत गेलाच नव्हता.